उरलेल्या कांद्यांची पिशवी

लसूणकाकूचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते विसरून गेले होते. घराच्या मागे चार खाटा मावतील एवढं अंगण, त्यात तीन वाफे, एक पत्र्याची शेड आणि कुंपणाला टेकलेलं एक जुनं झाड. पावसाळा मागे पडून थंडीची चाहूल लागली की त्या झाडाची पानं पिवळी पडून वाफ्यांवर गळायला लागत आणि काकू पदर खोचून, खुरपं घेऊन अंगणात उतरे. मग गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणत, चला, लसूणकाकू बसली लावणीला, आता गरम कपडे काढायला हरकत नाही.

लावणीचं तिचं एक शास्त्र होतं. लसणाचा गड्डा आदल्या दिवशीच फोडायचा, त्याच्या आधी नाही, नाहीतर पाकळी सुकते. बाहेरच्या जाड पाकळ्या मातीला, आतल्या बारीक काड्यांसारख्या स्वयंपाकाला. पाकळीचं साल सोलायचं नाही, सोलली तर ती उघड्या अंगाने थंडीत निजवल्यासारखी. टोक आभाळाकडे, बूड मातीकडे, दोन पेरं खोल, आणि दोन पाकळ्यांमध्ये एक वीत. शेजारच्या वाफ्यात लावणीचे कांदे, बोराएवढे, नुसते मातीत टेकवायचे, डोकं बाहेर. वरून पालापाचोळ्याची गोधडी. हे सगळं करताना ओठांत देवाचं नाव चालू. काकू म्हणायची, आपण नुसतं निजवायचं, उठवणारा तो.

पण काकूची खरी ख्याती होती ती नाकाची. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळे. बाजारात पन्नास गड्ड्यांच्या ढिगातून आतून काळा पडलेला एक ती हुंगून बाजूला काढे, आणि विकणारा तो फोडून बघे आणि मान हलवे. गल्लीतल्या बायकांना कशाचीही शंका आली, लोणी, तेल, लहान मुलाचा कान, की त्या काकूच्या दारात. लोक नाकाने कांदे सोलतात ते मिजासीत, आमची काकू खरंच सोलते, असं पलीकडचे शिंपीकाका म्हणत. काकू वरवर रागवे आणि आतून फुले. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात ती आणि सूनबाई. अशा घरात बाईला आपलं म्हणावं असं काहीतरी एक लागतं. तिचं नाक होतं.

ते गेल्या हिवाळ्यात गेलं.

ताप आला, आठवडाभर राहिला, उतरला. उठल्यावर तिने पहिल्या दिवशी लसूण सोलला आणि तिला वाटलं, लसूण शिळा आहे. दुसरा गड्डा फोडला. मग साबण नाकाशी धरला. मग स्टोव्हच्या रॉकेलची बाटली उघडली. काहीच नाही. जग जणू काचेच्या पलीकडे गेलं होतं, दिसत होतं पण येत नव्हतं. काकू ओट्याला धरून उभी राहिली आणि देवाला म्हणाली, आठ दिवसांत परत दे, मी कुणाला सांगत नाही. आठ दिवस गेले. मग तिने देवाला महिना दिला. मग थंडी संपेपर्यंत. देवाने काही दिलं नाही, पण काकूने मात्र आपला शब्द पाळला. कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं उत्तर तिच्यापाशी होतं. तिच्या सासूला ऐकू येईनासं झालं होतं. घरच्यांनी आधी तिला हाका मारणं सोडलं, मग विचारणं सोडलं, मग माणसांत धरणं सोडलं. म्हातारी खिडकीपाशी बसून राहायची आणि तिला सगळे जपायचे. तसं जपलं जाण्याची काकूला धास्ती होती. शिवाय उन्हाळ्यात एकदा ती शेगडीचं बटण अर्धवट फिरवून अंगणात गेली होती. सूनबाई कामावरून आली, तिने धावत खिडक्या उघडल्या आणि विचारलं, आई, तुम्हाला वास नाही आला? काकू म्हणाली, सर्दी आहे गं. सूनबाईने लगेच काढा उकळून दिला. तो पिताना काकूला ठसका लागला, तो काही काढ्याने नाही.

तेव्हापासून ती चोरासारखी जगत होती. दूध घड्याळ लावून तापवायची. भाजी नासली की नाही ते बोटाने चाचपून बघायची. बायका काही हुंगायला घेऊन आल्या की म्हणायची, आधी तू सांग, तुला कसं वाटतं, आणि तिने सांगितलं की मान डोलवून म्हणायची, अगदी बरोबर. बायकांना वाटे काकू आता शिकवते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकून झाकून हात दुखायला लागतो, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

त्या वर्षी लावणीच्या थोडं आधी शिंपीकाका कागदी पिशवी घेऊन आले होते. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने दाराशी फुलांचा वाफा केला होता, पिवळ्या-पांढऱ्या नर्गिसांचा. आता काका वरच्या मजल्यावर मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांनी तिचे कंद उकरून आणले आणि म्हणाले, काकू, तुमच्या कुंपणाशी लावा, येता-जाता दिसतील. काकूने पिशवी शेडमधल्या वरच्या फळीवर ठेवली. खालच्या फळीवर पसरट टोपलीत लावणीचे कांदे वाळत होते.

पत्र्यातून ओल आली, कागदाचं बूड भिजलं आणि एका सकाळी काकूला दिसलं की पिशवी फाटून कंद खाली, कांद्यांच्या टोपलीत पडले आहेत. पूर्वीची गोष्ट असती तर हे काम डोळे मिटून झालं असतं. हुंगला, कांदा. हुंगला, कांदा नाही. तिने टोपली उजेडात आणली आणि डोळ्यांनी निवडलं. फुलांचे कंद मोठे, लांब मानेचे, ते पटापट निघाले. तिने ते वेगळ्या डब्यात घातले, मोजमाप काही नव्हतं, पण डबा भरला तसं तिला बरं वाटलं. मोठ्या कंदांना बाजूने पिल्लं फुटलेली असतात, बोराएवढी, तपकिरी सालाची, आणि पडताना ती सुटतात, हे तिच्या मनात आलं नाही. खरं म्हणजे आलं. पण आलं तसं तिने ते लोटून दिलं, कारण ते धरून ठेवलं असतं तर कुणाला तरी हाक मारून म्हणावं लागलं असतं, जरा हे हुंगून दे.

लावणीच्या दिवशी सूनबाई पहाटेच उठून तिच्या मदतीला आली. पानांची पोती तिनेच ओढून आणली, न्याहारी केली नाही, उशीर झाला म्हणाली. सूनबाई दोन गल्ल्या पलीकडच्या पाळणाघरात स्वयंपाक करायची. काकूचा कांद्यांचा वाफा भरला तरी टोपलीत दोन-तीन ओंजळी उरल्या होत्या. सूनबाई म्हणाली, आई, हे मला द्या, मुलांना सुपात अख्खे चिमुकले कांदे फार आवडतात, गोट्या म्हणतात त्यांना. काकूने आपल्या हाताने पिशवी भरून दिली. थोडे टोपलीत ठेवले, कुठे जागा राहिली तर लावायला.

सूनबाई गेली. काकू लसणाच्या वाफ्यात बसली. ऊन अंगावर आलं होतं, मातीला वाफ सुटली होती, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तिच्या हातांना खाज सुटली.

आधी तिने पदराला हात पुसले. मग पाण्याने धुतले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले होते आणि नखाच्या कडेशी काहीतरी बुळबुळीत चिकटलं होतं. सकाळी लावताना एक-दोन कांद्यांना नख लागलं होतं, ते तिला आठवलं. चाळीस वर्षं ती कांदे लावत आली होती. कांद्याने डोळे जळतात, नाक गळतं, माणूस रडतो. कांद्याने कधी तिचे हात खाजवले नव्हते.

मनात पाल चुकचुकली. तिने टोपलीतले उरलेले कांदे घेतले, पायरीवर बसली आणि विळी पुढे ओढली. पहिला चिरला, डोळ्यांशी धरला. झोंबला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की ती हसली. दुसरा चिरला. झोंबला. तिसरा चिरला.

काही झालं नाही.

तिने तो अर्धा तुकडा डोळ्याला लागेल इतका जवळ धरला. आत तसेच पापुद्रे, तसाच पांढरा रंग. तारेसारखा बुळबुळीत रस. डोळा कोरडाच. चौथा झोंबला. पाचवा नाही.

पिशवी तिने भरून दिली होती. सुपात अख्खे. गोट्या.

ती तशीच उठली. घरात येऊन तिने सूनबाईला फोन लावला. वाजत राहिला. कामावर सूनबाईचा फोन कपाटात असतो, तिथला नियमच तसा. पाळणाघराच्या ऑफिसचा लावला, तो एंगेज लागत होता. पुन्हा लावला. एंगेजच. काकूने चिरलेला कंद चिमटीत धरून पदराच्या गाठीत बांधला आणि पायांत चपला सरकवल्या, एक तिची, एक सूनबाईची.

कुंपणापाशी शिंपीकाका उभे होते. त्यांनी हसून विचारलं की आमची फुलं कुठे बसवलीत. काकूने धापा टाकत उलट विचारलं, ती कुणी खाल्ली तर काय होतं? काकांना वाटलं काकू उंदरांबद्दल विचारते आहे. ते सावकाश सांगायला लागले की आमची ही कधी ते कंद स्वयंपाकघरात येऊ देत नसे, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देत नसे, विषच म्हणायची त्याला, आणि एकदा शेजारच्या शेळीने उकरून खाल्ले तेव्हा ती बिचारी… शेळीचं पुढे काय झालं ते ऐकायला काकू थांबली नाही.

एरवी तो रस्ता तिला दोन नमस्कार आणि एका चौकशीएवढा वाटे. त्या दिवशी तो संपेना. कोपऱ्यावर दुरुस्तीसाठी खणलं होतं, फळीवरून एकेक माणूस चाललं होतं आणि तिच्या पुढे एक बाई बाबागाडी ढकलत होती, सावकाश, बाळ झोपलेलं. काकूला ओरडावंसं वाटलं. त्या बाबागाडीकडे बघून तिने तोंड मिटलं. पाळणाघरातली मुलं याहून फार मोठी नव्हती. चमचा मुठीत धरून खाणारी, गोटी कुणाला मिळाली म्हणून भांडणारी.

चालता चालता तिचं मन दुसरंही एक काम करत होतं, आणि हे लिहायला जड जातं, पण ते तसंच होतं. ते मन शब्द जुळवत होतं. कांदे सडके निघाले म्हणावं. औषध फवारलेले होते म्हणावं. काहीही म्हणावं, सूप ओतून टाकवावं, मुलंही वाचतील आणि मूठही झाकलेली राहील. देवा, तिने म्हटलं, मला वेळेवर पोचव, आणि एवढं एक झाकू दे. एका श्वासात दोन मागण्या. देवाला त्यातली कोणती आधी ऐकू आली कोण जाणे.

पाळणाघराच्या दारात गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या आणि त्यांवर छोटे छोटे कोट. आतून चमच्यांचा आवाज येत होता, रिकाम्या वाट्यांवर वाजवण्याचा. काकूला तो आवाज कळला, मुलं भुकेली असली की असं वाजवतात. म्हणजे अजून वाढलेलं नव्हतं. ती तशीच स्वयंपाकघरात शिरली.

सुपाचं पातेलं वाढायच्या खिडकीत ठेवलेलं होतं. वाफ येत होती. मुलांना सांभाळणारी ताई पलीकडे डाव हातात घेऊन उभी, वाट्या रांगेत मांडलेल्या. सूनबाई हात पुसत वळली आणि काकूचा अवतार बघून थबकली, मग तिच्या पायांकडे बघून हसली. म्हणाली, आई, माझी चप्पल पळवलीत का?

"ते कांदे टाकून दे," काकू म्हणाली.

"टाकले की. सुपात टाकले. का?"

"सडलेत. आतून सडलेत सगळे. मला आत्ता कळलं."

सूनबाई ताईकडे बघून हसली. सूनबाई मायाळू होती आणि तिच्या हसण्यात सासूचा अभिमान होता, तोच काकूला सुरीसारखा लागला. ती ताईला सांगायला लागली की आमच्या आईंचं नाक तुला माहीत नाही, यांनी बाजारात भल्याभल्यांना पाणी पाजलंय. मग काकूकडे वळून तिने प्रेमाने म्हटलं, "सकाळी तुम्हीच भरून दिलेत ना? तुमच्या नाकाखालून सडका कांदा जाईल का कधी? बसा, पाणी प्या. दमलात तुम्ही."

ताईलाही ते पटलं. तिने डाव पातेल्यात घातला.

काकूच्या आयुष्यात तिच्या नाकाने इतकी माणसं इतक्या वेळा विश्वासाने जेवली होती, की आता तेच नाक त्या पातेल्यापाशी जामीन राहिलं होतं. ती जे काही खोटं बोलेल ते त्या नाकापुढे टिकणार नव्हतं. डाव वर आला. त्यात दोन चिमुकले कांदे होते, गोल, मऊ, दुधासारखे.

काकूने दोन्ही हात वाट्यांवर पालथे ठेवले. डाव तिच्या मनगटापाशी थांबला, गरम थेंब हातावर पडले, तिने हात काढले नाहीत.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून नाही येत. कशाचाच. हे सगळे कांदे नाहीत, यात फुलांचे कंद आहेत. विष आहे ते."

ताईने डाव परत पातेल्यात सोडला. पलीकडे मुलं चमचे वाजवतच होती. सूनबाईने आधी पातेलं खिडकीतून उचलून मोरीत नेलं, मग खिडकीची झडप ओढली. तोवर संचालिका बाई आल्या होत्या. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईला विचारलं कुणाला वाढलं आहे का, आणि ताई नाही म्हणाली तरी स्वतः जाऊन प्रत्येक मुलाच्या पुढची वाटी बघितली, प्रत्येकाचे ओठ बघितले. काकू दारात भिंतीला धरून ते बघत होती. एकेका मुलापाशी बाई वाकत आणि काकूचा श्वास अडके, आणि त्या पुढे सरकल्या की तेवढ्यापुरता सुटे. शेवटच्या मुलाने बाईंना जीभसुद्धा काढून दाखवली.

देवाने केलं, काकू मनात म्हणाली. मग तिने मागे वळून बघितलं.

सूनबाई मोरीच्या कठड्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता.

"मी खाल्लंय," ती म्हणाली. "भूक लागली होती. वाटीभर."

पुढचं सगळं काकूला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रिक्षात सूनबाईचं डोकं तिच्या खांद्यावर, कपाळाला गार घाम. दवाखान्याची फरशी ओली, पाय घसरणारी. डॉक्टरीणबाई वयाने लहान, केस घाईने बांधलेले. त्यांनी सूनबाईने काय खाल्लं ते विचारलं आणि काकूने पदराची गाठ सोडून तो अर्धा कंद त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बघितला, हुंगला, आणि मान हलवली. उकळल्याने काही कमी होत नाही म्हणाल्या. उलट्या होतील, पोटात मुरडा येईल, चक्कर येईल. वाटीत असे कंद किती होते त्यावर सगळं आहे. किती होते? काकूला कुठे माहीत. ते तिलाच माहीत असायला हवं होतं.

पडद्याच्या अलीकडे बाकावर ती बसली. पलीकडून उलटीचा आवाज यायचा, मग पाण्याचा, मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीची काकूला सगळ्यात जास्त भीती वाटे. आवाज आला की वाटे, आहे. नसला की ती पडद्याकडे वाकून कान लावी. एरवी अशा वेळी ती देवाशी सौदा करी, हे दे, मी ते सोडते. त्या दिवशी तिच्यापाशी सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मागायला तोंडही नव्हतं. ती नुसतं नाव घेत राहिली, लावणीत घेते तसं, बोटं मांडीवर एकेक ठेवत. ट्रकवरच्या मुलाला फोन करावा की नाही हेही तिला ठरवता येईना. काय सांगणार? तुझ्या बायकोला मी काय खायला घातलं?

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला आणि आत बसायला हरकत नाही म्हणाल्या. सूनबाईच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. डोळे मिटलेले. काकू स्टुलावर टेकली, पूर्ण बसली नाही.

बऱ्याच वेळाने सूनबाईने डोळे न उघडताच विचारलं, उन्हाळ्यात शेगडी चालू राहिली होती, तेव्हा सर्दी होती का. काकू म्हणाली, नव्हती. मग सूनबाईने विचारलं, आणि तो काढा? काकू म्हणाली, प्यायले मी तो. सूनबाई भिंतीकडे वळली. पाठ हलत होती, रडण्याने की पोटातल्या मुरड्याने ते काकूला कळेना आणि हात लावायचं धाडस होईना.

"मला सांगितलं असतंत तर मी हसले असते का तुम्हाला?" भिंतीकडूनच आवाज आला.

"हसली नसतीस," काकू म्हणाली. "जपली असतीस. त्याचीच भीती वाटली."

थोड्या वेळाने सूनबाईने मोकळा हात मागे केला, पाणी हवं म्हणून, आणि काकूने पेला दिला तेव्हा तो तिने घेतला. घेताना मात्र तिने पेल्यातल्या पाण्याकडे एकदा बघितलं. नकळत. काकूने ते पाहिलं. ती नजर काकूला उलट्यांच्या आवाजापेक्षा जड गेली.

संध्याकाळी संचालिका बाई दवाखान्यात आल्या. मुलं सगळी ठीक होती, पाव आणि केळी खाऊन घरी गेली होती. बाईंनी सूनबाईची चौकशी केली, पांघरूण नीट केलं, मग खुर्ची ओढून सांगितलं की पालकांना हे कळवावंच लागेल. लपवता येत नाही आणि त्या लपवणारही नव्हत्या. बाहेरच्या वस्तू स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत असा नियम होता, तो स्वयंपाकिणीने मोडला. आता पालक काय म्हणतात त्यावर पुढचं. सूनबाईने मान डोलवली. तिच्या त्या मान डोलवण्यात वाद नव्हता, नुसता थकवा होता.

काकूने पलंगाकडे बघितलं. ही मुलगी दुपारपासून उलट्या करते आहे आणि वर हिचीच भाकरी जाणार. ती उठून उभी राहिली आणि बाईंना म्हणाली की कळवायचं आहे तर मी कळवते. कागदावर नको, फोनवर नको. सकाळी लोक मुलांना सोडायला येतात तेव्हा मी फाटकात उभी राहीन आणि माझ्या तोंडाने सांगेन. बाई म्हणाल्या, लोक बोलतील. काकू म्हणाली, बोलू देत. बाई म्हणाल्या, सगळ्या गल्लीला कळेल. काकूला ज्याची धास्ती होती ते तेच तर होतं.

दुसऱ्या दिवशी थंडी चांगलीच पडली होती. काकूने धुतलेलं पातळ नेसलं, दोन्ही चपला आपल्याच घातल्या आहेत का ते बघितलं आणि पाळणाघराच्या फाटकात जाऊन उभी राहिली. सूनबाईला डॉक्टरीणबाईंनी रात्री उशिरा घरी सोडलं होतं. ती बिछान्यावर होती, पेज प्यायली होती, आणि काकू निघताना तिने एवढंच विचारलं होतं की जमेल का. काकूने खरं तेच सांगितलं, माहीत नाही.

पहिली आली ती गल्लीच्या तोंडाशी राहणारी बाई, ओळखीची. काकूने तिला थांबवलं आणि सांगितलं. माझ्या हातून चूक झाली, काल सुपात विषारी कंद गेले, तुमच्या बाळाने खाल्लं नाही, कुणीच खाल्लं नाही, फक्त माझ्या सुनेने खाल्लं. मला वास येत नाही आणि ते मी लपवलं, म्हणून हे झालं. सुनेला काही माहीत नव्हतं. बाईने मुलाला छातीशी घट्ट धरलं. गेल्याच आठवड्यात मी तुमच्याकडे लोणी हुंगवून नेलं होतं, ती म्हणाली. हो, काकू म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ते चांगलं आहे, मी नुसती मान हलवली. बाई मुलाला घेऊन आत गेली.

दुसरा एक बाप होता, कामाच्या गणवेशात, घाईत. त्याने ऐकलं आणि तो बोलला. मोठ्याने बोलला, रस्त्यावरचे लोक थांबले. म्हातारपणी घरात बसवत नाही का, असंही म्हणाला. काकूने मान खाली घातली नाही, कारण खाली घातली असती तर पुन्हा वर करता आली नसती. एक आई ऐकता ऐकताच रडायला लागली आणि मुलाला घेऊन परत घरी गेली. एकाने हात जोडून म्हटलं, आजी, तुम्ही धावत आलात म्हणे, बरं केलंत. काकूला त्या चांगल्या शब्दाचाही आधार घेववेना. त्याच्या मागे आणखी कोणी येतच होतं, आणि प्रत्येक येणाऱ्या चेहऱ्याबरोबर तिचं काळीज पहिल्यासारखंच धडधडत होतं. वाटलं होतं एकदा बोललं की भीती जाईल. ती प्रत्येकाला सांगताना नव्याने येत होती.

मध्येच संचालिका बाई बाहेर आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की आतापर्यंत कुणीही सुनेला कामावरून काढा असं म्हटलेलं नाही. काकूने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तेवढाच वेळ मिळाला. रस्त्याच्या त्या टोकाला फळीवरून एक बाई बाबागाडी सावरत येत होती, मागे तिचा नवरा, त्याच्या खांद्यावर झोपाळलेली मुलगी.

काकूने पदर नीट केला, घसा खाकरला, आणि ते जवळ यायची वाट बघत उभी राहिली.